उणे बारा

काटा जुना आहे, मारेगावच्या जिनिंगचा.
पाठीमागे नऊ टाचण्यांचं एक तोंड,
त्यातल्या तिसरीतून तो बोलतो
आणि बोलतो ते जोरात.
एक सांगायचा तर उणे बारा व्होल्ट,
शून्यासाठी अधिक बारा.
मी आणलेलं बोर्ड काडेपेटीएवढं.
त्याला पाचाच्या वरचं सोसत नाही,
आणि उणं म्हणजे काय, ते त्याला
कुणी शिकवलेलंच नाही.
सरळ जोडलं असतं तर जळालं असतं.
पहिलं जळालंच.
ते मी शेठला सांगितलेलं नाही.

चिप यायला चार दिवस, सीताबर्डीचा दुकानदार म्हणाला,
आणि कापूस तर उद्यापासून.
मग नेरकर गुरुजींचा रेडिओ उघडला,
दोन वर्षं कुणी न्यायला आलं नव्हतं.
त्यातून एक ट्रान्झिस्टर, तीन पायांचा,
एक काचेचा डायोड, ज्वारीच्या दाण्यासारखा,
रंगीत पट्ट्यांचे दोन रेझिस्टर.
गुरुजी आलेच तर सांगेन,
बोलतो आहे अजून, फक्त कापसाबद्दल.

दुपारी दोनला लाईन गेली.
चहावाल्याच्या शेगडीत तांब्याचा दांडा खुपसून
त्याच्या निखाऱ्यांवर डाग दिले.
राळेचा धूर डोळ्यात, बाजूला भजी.
एवढंच करायचं होतं:
तिकडून अधिक आलं की हा दार उघडणार,
पाच व्होल्ट जमिनीत निघून जाणार,
बोर्डाला शून्य दिसणार.
तिकडून उणं आलं की हा गप्प,
उण्याचा मार डायोड अंगावर घेणार,
आणि ह्याच्या गप्प बसण्यालाच
इकडे एक म्हणायचं.

पोचन्नाकाका खिडकीत बसून बघत होते.
बावीस वर्षं तेच वाचतात आकडा:
गाडीवाल्याला वऱ्हाडीत ओरडून,
शेठला हिंदीत, हळू,
पाटणबोरीकडचा कुणी आला तर तेलुगूत.
तीन भाषांत वजन एकच.
मी काय बांधते आहे, ते त्यांनी विचारलं नाही.
टॉर्च धरला, हलू दिला नाही.

संध्याकाळी जोडलं.
पडद्यावर चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, मधेच एक डॉलर.
टाचण्या अदलून पाहिल्या, वेग बदलून पाहिला,
चोवीसशे, बाराशे, पुन्हा चोवीसशे.
"काय म्हून राह्यलं व पोरी?"
"बडबडून राह्यलं काका."
"पेलं काय?"
मग थोड्या वेळानं, बिडी विझवत,
"मोटरचं अर्थिंग तुटलं का बल्ब असाच नाचते.
दोघायची जमीन एक हाय काय, पाह्य बरं."

पाचव्या टाचणीवरचा डाग थंड होता.
दिसायला चिकटलेला,
धरलेला नव्हता.

आमच्याकडे वायरमन त्याला नुसतं 'अर्थ' म्हणतात.
अर्थ जोडला. चौकोन गेले.
सहा शून्यं आली, ओळीत,
एकाखाली एक, एकाखाली एक,
रिकाम्या काट्याचा रिकामेपणा
इतका नीट मी कधी पाहिला नव्हता.

काका चपला काढून काट्यावर उभे राहिले.
का काढल्या कुणास ठाऊक.
पन्नास.
"दवाखान्यात तं बावन्न भरलो होतो!"
काटा पाच-पाचानं मोजतो, मी म्हणाले.
"म्हंजे दोन किलो खाल्ले याने,"
आणि हसले, आणि चपला घालायला
जरा जास्त वेळ लावला.

सकाळी पहिला टेम्पो चढला.
शेठ पडद्यासमोर चष्मा पुसत.
आकडा हलत हलत थांबत होता,
तेवढ्यात खिडकीतून आवाज:
"तीन हजार चारशे वीस!"
पडद्यावर ते मग आलं,
एक श्वास उशिरा.
शेठनी दोन्हींकडे पाहिलं, काही बोलले नाहीत.

काट्याच्या मेनूत जाऊन वेग वाढवता येतो.
मला तो आकडा पाठ आहे.
बाराशेवरच ठेवला आहे सध्या.